वातातले अकरा दिवस

माझ्या आयुष्यातले अकरा दिवस मला दुसऱ्यांकडून ऐकून घ्यावे लागले. काही मुलाने सांगितले, काही सुनेने, काही वॉर्डातल्या आयाने. मला स्वतःला आठवतात ते तुकडे, आणि त्यातलं बरंचसं घडलेलंच नव्हतं. भीती मात्र खरी होती. ती अजून अंगात आहे. दुपारी डोळा लागून जाग आली की मी आधी वार आठवते, मग खिडकीबाहेर बघते, आणि मगच पाय खाली सोडते.

हे लिहायला बसले कारण त्यानंतर आमच्या ओळखीच्या आणखी दोन घरांत हेच झालं. घरातलं वयस्क माणूस हाडासाठी नाहीतर हर्नियासाठी इस्पितळात गेलं आणि तिथे भलतंच बोलू लागलं. दोन्ही घरांनी ते लपवलं. आम्हीही लपवलं होतं.

मी कलकत्त्यातच जन्मले. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तोही बंगालीतून. मुली ‘दिदिमणी’ म्हणत. अजून बाजारात कुणी तशी हाक मारली की मी वळून बघते. हे झालं तेव्हा वय सदुसष्ट. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. भवानीपूरच्या घरात मी, मुलगा श्रीधर आणि सून शिप्रा. श्रीधर गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहे. शिप्रा बंगाली. सियालदहजवळच्या शाळेत शिकवते, सकाळची शाळा. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मराठी ती माझ्याकडूनच शिकली. बोलताना चुका करते, पण समजतं सगळं.

हे ‘समजतं सगळं’ पुढे फार महागात पडलं.

*

त्या सोमवारी सकाळी मी शिप्राशी वाद घातला होता. जलपाईगुडी शहर तिस्तेच्या डाव्या काठावर आहे असं तिने वर्गात सांगितलं होतं. मी म्हटलं, उजव्या. तिने मानलं नाही, म्हणून नकाशा काढून दाखवला. ती चपला घालून निघून गेली. मी जिंकल्याच्या आनंदात हौदावर बादली भरायला गेले आणि ओल्या लादीवरून पाय सरकला. हाड मोडल्याचा आवाज मला दुखायच्या आधी ऐकू आला.

इस्पितळात नेलं. मांडीच्या वरच्या टोकाचं हाड. पायाला वजन लावून टांगून ठेवलं आणि गुरुवारी ऑपरेशन करून आत खिळा घालायचं ठरलं. तिथला दिनक्रम पहिल्याच दिवशी पाठ झाला. पहाटे पाचला थर्मामीटर, मग पाणीदार चहा, मग फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी. भेटायची वेळ चार ते सहा. चष्मा माझ्या उशाखाली होता तो सिस्टरने फुटेल म्हणून खणात ठेवला. मी तीनदा मागितला. मग मागायचा कंटाळा आला.

मंगळवारी एक तरुण डॉक्टर आले, डॉ. बागची. नुकतेच शिकून बाहेर पडलेले, शर्टाची कॉलर विरलेली. सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा उलगडून त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. ते बघत मला मावशी म्हणून हाक मारत म्हणाले, “माशीमा, आज वार कोणता?”

“मंगळवार. का?”

“ही जागा कोणती?”

“तुम्हाला माहीत नसेल तर बाहेर पाटी आहे.”

ते हसले. वीसपासून एकपर्यंत उलटं मोजायला सांगितलं. मासा, छत्री, घड्याळ हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. मी सगळं नीट सांगितलं आणि वर ऐकवलं, “डॉक्टर, एकतीस वर्षं मी प्रश्न विचारलेत. मला विचारणारे तुम्ही पहिलेच.”

साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला ते हे प्रश्न सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा विचारायचे. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबरचे डॉक्टर त्यांना ‘मास्टरमोशाय’, म्हणजे मास्तर, म्हणून चिडवायचे, हे मला नंतर कळलं.

*

गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी दुपारपासून माझं मला नीट सांगता येत नाही.

वॉर्ड म्हणजे परीक्षेचा हॉल झाला होता. लांबच लांब ओळी, प्रत्येक ओळीत पांढरे कपडे घातलेल्या मुली, आणि प्रश्नपत्रिका आलेल्याच नाहीत. घंटा झाली आहे. मुली माझ्याकडे बघतायत. मी उठून ऑफिसात जायला हवं, आणि कुणीतरी माझा पाय बाकाला बांधून ठेवला आहे. मी ओढत होते. पुन्हा पुन्हा ओढत होते. चादरी गोळा करत होते, त्या मला उत्तरपत्रिका वाटत होत्या. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती आणि ती रांग म्हणजे अक्षरं होती. डोळे बारीक करून वाचायला जावं तर अक्षरं पुढे सरकायची. एका जागी क्षणभर थांबायची सोय नव्हती. तहान लागली होती आणि पाणी प्यायला वेळ नव्हता. हातात काहीतरी टोचत होतं ते मी उपटून काढलं. सलाईन होतं.

सिस्टर शिप्राला म्हणाली, “भूल बकछेन.” म्हणजे बरळतायत. मग माझे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधले, आणि शनिवारपासून संध्याकाळी शांत करायचं इंजेक्शन सुरू झालं.

सकाळी मी बरी असायचे. मोठे डॉक्टर फेरीला यायचे तेव्हा त्यांच्याशी शुद्ध इंग्रजीत बोलायचे. चारला श्रीधर यायचा तेव्हा मी पुन्हा परीक्षेच्या हॉलमध्ये असायचे. मोठ्या डॉक्टरांना वाटे, घरचे लोक उगाच घाबरतात. श्रीधरला वाटे, हे लोक काही बघतच नाहीत. दोघं एकमेकांवर चिडले होते आणि आपापल्या वेळेपुरतं दोघांचंही बरोबर होतं.

पारुल नावाची आया होती. तिने माझ्यासाठी काय केलं ते सांगायलाच हवं. मी पेपर, पेपर म्हणून रडत होते तेव्हा ती जवळ बसून म्हणाली, “दिदिमणी, पेपर उद्यावर गेला. मोठ्या बाईंनी नोटीस लावलीये. आज सुट्टी.” आणि माझा एक हात सोडून तिने स्वतःच्या हातात धरून ठेवला. मी तासभर झोपले. पुढे डॉ. बागची मला म्हणाले की पेशंटला खोटं सांगू नये, तो कुठे आहे ते शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावं. त्यांचं खरं असेल. पण त्या अकरा दिवसांतला मला सुखाचा आठवतो तो तेवढाच एक तास.

*

सोमवारी पाचच्या सुमाराला दिवे गेले. लोडशेडिंग तेव्हा रोजचंच होतं. पंखे थांबले, वॉर्डात कंदील आले, भिंतीवर सावल्या हलायला लागल्या. शिप्रा घरून बार्लीचं पाणी घेऊन आली होती. पेला तिने माझ्या तोंडाशी धरला आणि मला त्यात निळी शाई दिसली. स्पष्ट दिसली. आजही डोळे मिटले की दिसते.

मी पेल्याला हिसडा दिला. बार्ली तिच्या साडीवर आणि जमिनीवर सांडली. आणि मी मराठीत, मोठ्याने आणि व्यवस्थित वाक्यं करून बोलले:

“ही मला शाई पाजतेय. आधी माझा मुलगा गिळला, आता मला संपवून घरात एकटी नांदणार. बाहेर काढा हिला!”

त्या वॉर्डात चाळीस माणसं असतील. मराठी समजणारी दोनच होती, श्रीधर आणि शिप्रा.

श्रीधर म्हणाला, “आई, काय बोलतेस तू हे!” शिप्राने पारुलकडून फडकं मागून घेतलं, जमीन पुसली, पेला विसळून पिशवीत ठेवला आणि सहा वाजेपर्यंत खाटेच्या पायथ्याशी, मला दिसणार नाही अशी उभी राहिली.

श्रीधरने रात्री माझ्या धाकट्या भावाला नागपूरला पत्र लिहिलं. आईचं डोकं चालत नाही, हाड जुळलं की तिला काही महिने तुमच्याकडे ठेवता येईल का, शिप्रावर मी हा भार टाकू शकत नाही. ते पत्र मी नंतर वाचलं. त्यात माझ्याबद्दल वाईट शब्द एकही नव्हता. वाचताना मात्र असं वाटत होतं की एका गेलेल्या बाईचं सामान कुठे हलवायचं ते विचारलंय.

मोठ्या डॉक्टरांनीही आता मान हलवली होती. “वय झालं. असं होतं. घरी न्या, सांभाळा.”

*

बुधवारी मी शांत झाले.

ओरडणं थांबलं, ओढणं थांबलं. हात सोडले तरी जिथे ठेवले तिथेच राहिले. भरवलं तर दोन घास गिळायचे, नाही भरवलं तर मागायचे नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सिस्टर श्रीधरला म्हणाली, “आज दिदिमणी कशा गुणी लक्ष्मी झाल्यात बघा.” श्रीधरने घरी जाताना मिठाईच्या दुकानातून संदेश नेले. शिप्राने खाल्ले नाहीत.

मला त्या दोन दिवसांतलं दृश्य एकही आठवत नाही. फक्त एक जाणीव आठवते, की मी खूप खोल कुठेतरी आहे आणि वर लोक चालतायत, आणि वर जायचं तर पाय हलवावा लागेल, आणि आतून सारखी घाई होते आहे पण पाय कुठला तेच सापडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मी झोपाळू म्हातारी दिसत होते. आत माझी धावपळ एक क्षण थांबली नव्हती.

गुरुवारी दुपारी शिप्रा शाळेतून थेट आली. भेटायची वेळ नव्हती. पारुलने तिला मागच्या जिन्याने आत घेतलं. त्याच वेळी डॉ. बागची माझ्या खाटेशी होते.

“माशीमा, वार कोणता?”

“हो.”

“ही जागा कोणती?”

“हो.”

“वीसपासून उलटं मोजा बघू.”

“हो.”

त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि मागच्या खुणा बघितल्या. रोजच्या दोन, सकाळची आणि संध्याकाळची. सिस्टर म्हणाली, “राहू द्या ना डॉक्टरबाबू, आत्ता कुठे गप्प झाल्यात.”

“ओरडत होत्या तेव्हा निदान तेरापर्यंत मोजत होत्या,” ते म्हणाले. मग शिप्राकडे वळले. “तुम्ही कोण?”

“सून.”

“पडायच्या आधी ह्या कशा होत्या? विसरायच्या? घरात रस्ता चुकायच्या?”

श्रीधरला हेच विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता की हल्ली चष्मा कुठे ठेवला ते विसरते. शिप्रा म्हणाली, “पडल्या त्या सकाळी त्यांनी माझ्याशी एका नदीच्या काठावरून भांडण केलं. नकाशा काढला. आणि त्या बरोबर होत्या.” मग ती म्हणाली, “डॉक्टरबाबू, ह्या बाई कशालाच हो म्हणत नाहीत. ह्यांना काहीतरी झालंय.”

डॉ. बागची मोठ्या डॉक्टरांकडे गेले. तिथे काय झालं ते पारुलने दाराआडून ऐकलं. मोठे म्हणाले, वार्धक्य. बागची म्हणाले, “सर, वार्धक्याने डोकं जायला वर्षं लागतात. सोमवारी दाखल होताना स्वतःचा पत्ता खणखणीत सांगणारी बाई शुक्रवारी संध्याकाळी म्हातारी होत नाही. सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी, आणि आता ही अशी. शरीरात काहीतरी बिघडलंय, आपण शोधलेलं नाही.” मोठे डॉक्टर चिडले, पण “काय शोधायचं ते शोधा” म्हणाले. हेही त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. लघवीसाठी घातलेल्या नळीतून जंतू शिरले होते आणि थोडा ताप रोज असायचा, तो ऑपरेशनचा म्हणून सोडून दिला होता. तोंडाने पाणी जवळजवळ जातच नव्हतं. पोट आठ दिवस साफ नव्हतं. आणि वर ते संध्याकाळचं इंजेक्शन. नळी काढली, इंजेक्शन बंद केलं, दुसरी औषधं सुरू केली, चमच्याने पाणी पाजायचं ठरलं. डॉ. बागचींनी खणातून चष्मा काढून स्वतः माझ्या कानांवर अडकवला. शिप्राला सांगितलं, जमेल तितका वेळ इथे बसा, आणि आज कुठला वार ते सांगत राहा.

तिने शाळेतून रजा घेतली. चार दिवस ती सकाळपासून माझ्याजवळ बसून होती. माझं तोंड दुसरीकडे असलं तरी.

*

पुढच्या सोमवारी सकाळी मला खिडकीत एक कावळा दिसला आणि तो कावळाच होता. मी बराच वेळ त्याच्यावर विश्वास ठेवून बघितलं. मग डॉ. बागची आले. वार, जागा, उलटे आकडे, तीन शब्द. सगळं जमलं. मनगटांवर लालसर वळ होते. मी विचारलं, “हे कशाचे?”

त्यांना टाळता आलं असतं. त्यांनी टाळलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. ह्याला डिलिरिअम म्हणतात. हे वेड नाही, आणि म्हातारपणी विसराळू होत जातात तेही नाही. शरीर बिघडलं की वयस्क माणसाचा मेंदू काही दिवस भरकटतो, आणि कारण सापडलं तर बहुतेकदा ताळ्यावर येतो. माझी आजी असल्या बरळण्याला ‘वात झाला’ म्हणायची. तिच्या काळी वात झालेलं माणूस सहसा परत येत नसे.

“गप्प झालात तेव्हा मी जास्त घाबरलो,” ते म्हणाले. “गप्प पेशंटला कुणी काही विचारत नाही.”

मी आभार मानले नाहीत. मला इतकी लाज वाटत होती की मी भिंतीकडे तोंड केलं. मी वॉर्डभर ओरडले होते, मला बांधून घातलं होतं. आणि सुनेला काय म्हणाले ते अजून मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

*

घरी आल्यावर श्रीधरने सांगितलं. मी खोदून खोदून विचारलं म्हणून. त्यानंतर महिनाभर शिप्रा आणि मी एकमेकींशी फार सभ्यपणे वागत होतो. तो महिना इस्पितळापेक्षा वाईट गेला. मला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. काठी घेऊन खोलीत येरझाऱ्या घालाव्यात तेवढीही ताकद नव्हती.

मला वाकता येत नव्हतं, म्हणून एका रविवारी ती माझ्या पायांची नखं कापत होती. तिची मान खाली होती, त्यामुळे मला बोलता आलं.

“शिप्रा, तिथे मी तुला जे म्हणाले ते श्रीने सांगितलं मला.”

“हं.”

“डॉक्टर म्हणतात, त्या आजारात माणूस काहीही बोलतं.”

ती नख कापत राहिली. मग म्हणाली, “काहीही नाही बोलला तुम्ही, आई. सिस्टरला नाही बोलला. पारुलला नाही. मला बोलला.”

“मला शाई दिसली ती खोटी होती.” मग मी उरलेलंही बोलून टाकलं. “मुलगा गिळला म्हणाले, ते थोडं माझं होतं. तुमचं लग्न ठरलं तेव्हापासूनचं. शुद्धीत असते तर मेले तरी बोलले नसते.”

“मला माहीत होता,” ती म्हणाली. “लग्नात तुम्ही मला बघून हसला ना, शाळेत इन्स्पेक्शनच्या बाईंना बघून हसतात तसा हसला.”

मला हसूही आलं आणि रडूही. “मग माझ्यासाठी डॉक्टरांशी का बोललीस?”

“त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. तुम्ही ओरडला तेव्हा मला राग आला. खूप राग. पण गप्प झाला तेव्हा भीती वाटला.” तिने माझा पाय खाली ठेवला. मी माफी मागितली, नीट, नाव घेऊन.

ती म्हणाली, “दुसरा पाय द्या.”

आमचं पुढे फार गोड झालं असं मी लिहिणार नाही. आम्ही आता भांडतो. आधी भांडत नव्हतो. मी दुरुस्त्या करायचे आणि ती चपला घालून निघून जायची. आता ती निघून जात नाही.

*

पुढच्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दोन्ही डोळ्यांवर काही दिवस पट्टी राहील. डॉ. बागची आता दुसऱ्या गावी असतात. श्रीधरने पत्र लिहून विचारलं. त्यांनी स्पष्ट कळवलं की एकदा झालं आहे तेव्हा पुन्हा होऊ शकतं, आणि डोळे बांधलेल्या माणसाला तर अधिकच. आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणाले.

हे वाचल्यापासून मी घरभर फिरते आहे. काल अखेर बसून इस्पितळात द्यायला एक कागद तयार केला, बंगालीत. पेशंट निवृत्त शिक्षिका. वार आणि तारीख नेहमी सांगता येते. कानाने चांगलं ऐकू येतं, म्हणून जवळ येऊन नाव सांगून बोलावं. पाणी मागत नाही, द्यावं लागतं. झोपेचं औषध देण्याआधी विचारावं. स्वभाव वाद घालण्याचा, सगळ्याला हो म्हणू लागली तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवावं. शेवटी श्रीधरच्या ऑफिसचा फोन नंबर.

शिप्राला वाचायला दिला. तिने शुद्धलेखनाची एक चूक काढली, आणि ती चूक होती. मग फोन नंबरावर काट मारून तिथे स्वतःच्या शाळेचा नंबर लिहिला, आणि खाली तिच्या वळणदार अक्षरात एक ओळ घातली:

‘ह्यांना भीती वाटू लागली तर त्या सांगणार नाहीत. हात धरून बघा, आणि मला बोलवा. मी वर्गावर असले तरी.’